निरोगी नातेवाईक म्हणून दोन दिवस: मानसिक आजारांच्या आनुवंशिकतेच्या एका अभ्यासात घेतलेला सहभाग

माझ्या धाकट्या भावाला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला आणि मला तो झाला नाही. आमच्या घरात या दोन गोष्टींपैकी पहिलीविषयी पंचवीस वर्षे बोलणे झाले. दुसरीविषयी विचारणारे कोणी तरी असेल, असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या वर्षी भावाच्या डॉक्टरांनी सांगितले की, एका मोठ्या रुग्णालयाशी जोडलेल्या संशोधन केंद्रात ज्यांना आजार नाही अशा सख्ख्या नातेवाइकांचीही तपासणी होते आणि आमची तयारी असेल तर ते नाव कळवतील. मी, आई आणि भाऊ असे तिघे गेलो. आमच्या गावापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर असलेल्या या केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि दोन दिवसांच्या अनुभवावरून संस्थेवर शिक्का बसावा अशी माझी इच्छा नाही. असे बोलावणे आलेल्या इतर शुभंकरांना, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांना, मात्र तिथे काय होते, काय मिळते आणि काय मिळत नाही हे आधी कळायला हवे. मला ते कोणी सांगितले नव्हते.

सर्वांत चांगली गोष्ट आधी सांगते. पहिल्या दिवशी सकाळी आम्हाला एका खोलीत बसवून वंशावळ काढली गेली, आणि त्या एका तासासाठीसुद्धा हा प्रवास करायला हरकत नाही. मूळची अकोल्याची एक तरुण संशोधन साहाय्यक आडव्या कागदावर पेन्सिलीने चौकोन आणि वर्तुळे काढत होती. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी आडवी रेघ, मुलांसाठी खाली उतरणाऱ्या रेघा, वारलेल्या माणसावर तिरपी रेघ आणि आजार असलेल्याची आकृती पूर्ण काळी. भावाचा चौकोन तिने काळा केला, त्याच्यामुळे हे कुटुंब अभ्यासात आले म्हणून त्याच्याकडे एक छोटा बाण काढला आणि त्याच रेघेवर शेजारी माझे वर्तुळ काढले. ते कोरे राहिले. इतकी वर्षे आम्ही एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, आणि कागदावर आमच्यातला फरक एवढाच होता.

मग तिने वडिलांची भावंडे विचारली. आईने दोन काका सांगितले आणि ती थांबली. "अजून कोणी, मावशी?" असे त्या मुलीने विचारल्यावर आई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली आणि नंतर म्हणाली, "एक वन्सं होत्या. विहिरीवर पाय घसरला." माझ्या या आत्याचे नाव आमच्या घरात उच्चारले जात नसे, तिच्या अंगात येत असे, तिला देवऋषाकडे नेत असत आणि लग्नानंतर दोनच वर्षांत तिला माहेरी आणून सोडले होते, हे मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या खोलीत प्रथम ऐकले. मुलीने कुठलाही निष्कर्ष काढला नाही. तिने वर्तुळ काढले, त्यावर तिरपी रेघ मारली आणि आत प्रश्नचिन्ह लिहिले. ज्या माणसाचे निदान झालेले नाही, त्याला ऐकीव माहितीवर आजारी ठरवायचे नाही आणि निरोगीही धरायचे नाही, असा त्यांचा नियम होता. आमच्याकडे स्थळे पाहताना "घराण्यात काही आहे का" या प्रश्नाला जे उत्तर दिले जाते, त्यापेक्षा हे प्रश्नचिन्ह मला कितीतरी प्रामाणिक वाटले.

आजार नसलेल्यांना का बोलावतात, हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले. रुग्णाच्या मेंदूत किंवा बुद्धीच्या चाचण्यांत जो फरक दिसतो, तो मुळातला आहे, की आजाराने केलेला आहे, की वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांचा, तंबाखूचा, घरात बसून राहण्याचा आहे, हे एकट्या रुग्णाकडे पाहून वेगळे काढता येत नाही. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुके समान असतात. बहिणीला आजार झालेला नसतो, तिने गोळ्या घेतलेल्या नसतात. तरीही भावाच्या चाचणीत जे दिसते त्याची पुसट छटा तिच्यातही दिसली आणि ज्यांच्या घराण्यात आजार नाही अशा लोकांत ती तितकी दिसली नाही, तर ती खूण औषधाची नसून घराण्यातून आलेल्या जोखमीची असण्याची शक्यता वाढते. एकत्र वाढल्यामुळे येणारे साम्य त्यातही उरतेच, आणि ते वेगळे काढायला जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास लागतात. अशा खुणांना एंडोफेनोटाइप म्हणतात. हा शब्द मुळात नाकतोड्यांवर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांचा होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक अर्व्हिंग गॉट्समन आणि जेम्स शील्ड्स यांनी तो मानसोपचारात आणला, आणि २००३ मध्ये गॉट्समन व टॉड गूल्ड यांनी त्याच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यांत ही खूण आजार नसलेल्या नातेवाइकांत सर्वसामान्य लोकांपेक्षा अधिक आढळली पाहिजे, अशी एक कसोटी आहे. म्हणजे माझ्यासारखीशिवाय ती कसोटी पुरीच होत नाही. रुग्णाच्या मागे उभी राहणारी, फॉर्मवर सही करणारी, औषधाची चिठ्ठी घेऊन रांगेत थांबणारी बहीण हीच तिथे अभ्यासाचा विषय होती, आणि हा मान मला मनापासून भावला.

चाचण्यांपैकी डोळ्यांची चाचणी सविस्तर सांगण्यासारखी आहे. अंधाऱ्या खोलीत हनुवटी एका आधारावर टेकवून, कपाळ पट्टीला लावून बसायचे आणि पडद्यावर डावी-उजवीकडे संथ सरकणाऱ्या ठिपक्याच्या मागे नुसती नजर न्यायची. निरोगी डोळा असा ठिपका बहुतांशी सलगपणे धरतो. काहींची नजर मागे पडते आणि मग छोट्या उडीने ठिपका गाठते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही उड्या मारणारी नजर अधिक आढळते, हे १९०८ मध्येच डिफेंडॉर्फ आणि डॉज यांनी नोंदवले होते. पण १९७३-७४ मध्ये फिलिप होल्झमन यांनी तीच गोष्ट रुग्णांच्या आजार नसलेल्या जवळच्या नातेवाइकांत जवळजवळ निम्म्यांमध्ये दाखवली, तेव्हा या संशोधनाला वळण मिळाले. त्यानंतरचा भाग अवघड होता. पडद्याच्या मध्यावर नजर ठेवायची, कडेला ठिपका चमकला की त्याच्याकडे न पाहता बरोबर विरुद्ध बाजूला पाहायचे. सूचना मला पूर्ण समजली होती, तरी ठिपका चमकताच माझे डोळे आधी त्याच्याकडेच धावत आणि मग मी त्यांना ओढून परत आणत असे. प्रत्येक चुकीला छातीत धस्स होत होते, कारण चूक झाल्याचे मला कळत होते. शेजारच्या तंत्रज्ञाने ते ओळखले असावे. त्याने यंत्र थांबवून सांगितले, "ताई, सगळ्यांच्याच चुका होतात. मीही करतो. आम्ही एका माणसाचे गुण बघत नाही, शेकडोंची सरासरी बघतो." हे वाक्य चाचणीच्या आधी सांगितले असते, तर माझी ती दहा मिनिटे वाचली असती.

बाकीच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात लिहिते. डोक्याला तारा लावून कानात टक-टक असे जोडीने आवाज ऐकवतात. दोन आवाजांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते आणि दुसऱ्या आवाजाला मेंदूने कमी प्रतिसाद देणे अपेक्षित असते. काही करायचे नसते, नुसते बसायचे. रक्त जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत घेतात. एमआरआयच्या आधी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो. मंगळसूत्र निघाले, पण जोडवी निघेनात, आणि नर्सने साबणाचे पाणी आणून माझ्या पायाशी बसून ती अलगद काढली. आईला त्या यंत्राच्या आवाजाची भीती वाटली आणि तिने नको म्हटले. कोणी आग्रह केला नाही. तिच्या बाकीच्या चाचण्या तशाच पुढे चालू राहिल्या. भावाच्या चाचण्या वेगळ्या खोलीत, मधे मधे चहा देऊन, त्याच्या वेगाने झाल्या. त्याच्याशी बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, त्याच्याकडेच पाहत होते. एरवी कुठल्याही काउंटरवर हे होत नाही.

आता दोष. पहिला दोष भाषेचा आहे, आणि तो माझ्या मते गंभीर आहे. स्मरणशक्तीच्या चाचणीत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द सांगायचे असतात. ही यादी हिंदीत होती. मी शिक्षिका आहे, मला अडचण आली नाही. आई अडुसष्ट वर्षांची, चौथीपर्यंत शिकलेली आणि आयुष्यभर मराठीखेरीज काही न बोललेली आहे. यादीत 'तोता' हा शब्द होता. आईने पाचही वेळा, न चुकता, "पोपट" असे सांगितले. मुलीची पेन्सिल कागदावर क्षणभर थांबली. तिला मराठी येत होते, आईला शब्द आठवला आहे हे तिला कळत होते. पण नियमावलीत त्या उत्तराला गुण नव्हते. मला राहवले नाही म्हणून मी नंतर डॉक्टरांना विचारले की, माझ्या आईसारख्या पन्नास आया तुमच्याकडे आल्या, त्या सगळ्यांची स्मरणशक्ती कागदावर कमी भरली आणि तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक मात्र याच शहरातले, हिंदी सहज बोलणारे असले, तर रुग्णांच्या नातेवाइकांत स्मरणशक्ती कमी आढळते असा निष्कर्ष निघेल, आणि तो आनुवंशिकतेच्या खात्यात जमा होईल, त्याचे काय? त्यांनी हा धोका मान्य केला, शिक्षण आणि मातृभाषा यांची नोंद घेऊन तुलना करताना ते लक्षात घेतले जाते असे सांगितले, आणि मराठी यादी तयार होत असल्याचेही सांगितले. उत्तर प्रामाणिक होते. तरीही, नोंद घेऊन नंतर हिशेब जुळवणे हे माणसाला तिच्या भाषेत विचारण्याच्या बरोबरीचे होत नाही.

दुसरा दोष याच जातीचा, पण अधिक नाजूक आहे. निरोगी नातेवाइकांना एक प्रश्नावली देतात, तिच्यातून संशयी वृत्ती, एकलकोंडेपणा, विचित्र अनुभव यांची सौम्य लक्षणे शोधतात, कारण जोखीम कधी कधी स्वभावाच्या अशा कडांमध्ये दिसते. त्यात एक प्रश्न असा होता: लोक आपल्या पाठीमागे आपल्याविषयी बोलतात, असे तुम्हाला वाटते का? मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. आमच्या गावात लोक आमच्याविषयी बोलतच होते. भाऊ रस्त्यावर ओरडत फिरला त्या उन्हाळ्यानंतर माझे ठरत आलेले लग्न मोडले, हळदीकुंकवाला बोलावणी येणे थांबले, आणि मी वळणावर आले की पारावरचे बोलणे तुटत असे. हे मला वाटत नव्हते, ते घडत होते. खरे उत्तर 'होय' होते आणि त्या 'होय'चा गुण संशयी वृत्तीत मोजला जाणार होता. मी 'होय'वर खूण केली आणि समासात कारण लिहिले. मुलीने ते वाचले आणि तिच्या वहीत वेगळी नोंद केली. पण समासाची जागा संगणकात नसते. रुग्णाच्या कुटुंबाला समाज जे देतो, ते रक्तातून आले असे समजले जाऊ नये, एवढी काळजी या प्रश्नावल्या लिहिणाऱ्यांनी घ्यायला हवी, आणि ती आमच्यासारख्यांना सोबत बसवल्याशिवाय घेता येणार नाही.

संमतीपत्राबद्दल मात्र चांगलेच लिहायला हवे. ते मराठीत होते, आणि वाचून दाखवले गेले. रक्त पुढे दुसऱ्या संशोधनासाठी ठेवायचे का, इतर संस्थांना नाव काढून माहिती द्यायची का, पुन्हा संपर्क साधायचा का, या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी चौकट होती, आणि एकीला नाही म्हटले तरी बाकीच्यांत भाग घेता येत होता. केव्हाही कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्याचा भावाच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे ठळक अक्षरांत होते. या विषयाच्या इतिहासात जे झाले आहे ते माहीत असेल, तर या चौकटींचे मोल कळते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या भावंडांचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास म्युनिकमध्ये एर्न्स्ट र्‍यूडिन यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. हेच र्‍यूडिन पुढे १९३३ च्या नाझी नसबंदी कायद्याच्या समर्थकांत आणि भाष्यकारांत होते, त्या कायद्यात स्किझोफ्रेनियाचे नाव होते, आणि त्याखाली सुमारे ४ लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. वंशावळीचा तोच कागद, तीच काळी आणि कोरी वर्तुळे. म्हणून कोणी संमतीपत्र घाईने पुढे सरकवले, तर सही करू नये. आम्हाला घाई केली गेली नाही; रात्री विचार करून दुसऱ्या दिवशी सही करा, असेच सांगितले होते.

आता ज्यासाठी बहुतेक नातेवाईक मनातून जातात, त्या गोष्टीकडे येते. मला विचारायचे होते: मला होईल का, आणि माझ्या मुलीला होईल का? ती एकोणीस वर्षांची आहे, आणि वर्षभरापूर्वी ती चार दिवस खोलीबाहेर आली नाही तेव्हा मी किती रात्री जागले, हे मी घरातही कोणाला सांगितलेले नाही. हा अभ्यास या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी केलेलाच नाही. तुमच्या डोळ्यांच्या चाचणीचा, रक्ताचा, जनुकांचा वैयक्तिक अहवाल मिळत नाही. एमआरआयमध्ये तातडीने पाहण्यासारखे काही दिसले तर तेवढे कळवतात. हे माहितीपत्रकात लिहिलेले होते, पण चौथ्या पानावर, आणि मनात प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला चौथ्या पानावरचे वाक्य दिसत नाही. फोनवर वेळ ठरवतानाच ते सांगायला हवे.

अहवाल न देण्याचे कारण मला पटले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ इतर लोक यांच्या तुलनेतून जनुकसंचातील २८७ जागा स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या आढळल्या, आणि त्यांतल्या जवळपास प्रत्येक जागेचा वाटा अगदी बारीक आहे. अशा बारीक वाट्यांची बेरीज एका माणसाला हो किंवा नाही सांगू शकत नाही. शिवाय अशा अभ्यासांतील बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची असल्याने ती बेरीज आपल्या लोकांना जशीच्या तशी लावताही येत नाही. माझ्या मामेभावाने एका खासगी कंपनीकडून घरी डबी मागवून, लाळ पाठवून, मानसिक आजाराच्या जोखमीचा रंगीत अहवाल विकत घेतला. त्यात तो 'मध्यम जोखीम' असलेल्या पिवळ्या पट्ट्यात होता आणि त्या पिवळ्या रंगाने त्याचे सहा महिने खाल्ले. पैसे न घेता अहवाल न देणारे केंद्र मला पैसे घेऊन असा अहवाल देणाऱ्या कंपनीपेक्षा अधिक सचोटीचे वाटते.

पण अहवाल न देणे आणि बोलणे न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचण्या संपल्या, प्रवासखर्चाच्या पावतीवर सही झाली आणि आम्हाला नमस्कार करून निरोप दिला गेला. मी हट्टाने आनुवंशिकतेविषयी समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांची वेळ मागितली म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटे मिळाली. ती वीस मिनिटे प्रत्येक कुटुंबाला न मागता मिळायला हवीत, आणि या सेवेविषयी माझी सर्वांत मोठी तक्रार ती न मिळण्याची आहे. त्या डॉक्टरांनी गॉट्समन यांनी १९२० ते १९८७ या काळातील युरोपीय अभ्यासांतून काढलेले आकडे समोर ठेवले. सर्वसामान्य माणसाला आयुष्यात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता सुमारे १ टक्का. रुग्णाच्या भावंडांना सुमारे ९. रुग्णाच्या मुलांना सुमारे १३. भाचे-पुतण्यांना सुमारे ४. आणि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला सुमारे ४८. हे आकडे जुने आहेत, रुग्णालयांत आलेल्या कुटुंबांतून काढलेले आहेत, आणि ते ढोबळ अंदाज म्हणूनच घ्यावेत, हेही त्यांनी सांगितले. मग त्या माझ्या मुलीविषयी बोलल्या: ती रुग्णाची भाची आहे, तेव्हा ज्यांना हा आजार होत नाही अशा शंभरांतल्या सुमारे शहाण्णवांत तिची गणना होण्याची शक्यता आहे. माझे बहुतेक जोखमीचे वय उलटले आहे, पूर्ण नाही. आत्याचे प्रश्नचिन्ह या हिशेबात थोडी भर घालते, पण किती, हे आकड्यात सांगणे बरोबर होणार नाही. मुलीत काय दिसले तर थांबायचे नाही, हेही त्यांनी सांगितले: झोप पार उलटणे, मित्रमैत्रिणी तुटणे, अभ्यासात अचानक घसरण, कोणी पाळतीवर आहे असे वाटू लागणे, आणि गांजापासून तिला दूर ठेवा, कारण ज्यांच्या घराण्यात आजार आहे त्यांना तो अधिक घातक ठरू शकतो.

एवढ्यात आईने तिचा प्रश्न विचारला, जो तिने पंचवीस वर्षे कोणालाही विचारला नव्हता. भाऊ दीड वर्षाचा असताना वडिलांच्या आजारपणामुळे तिने त्याला काही महिने आजोळी ठेवले होते. तेव्हाच्या त्या आबाळीने हे झाले का? डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून तिला लिओनार्ड हेस्टन यांच्या १९६६ मधील अभ्यासाबद्दल सांगितले. अमेरिकेत ऑरेगन राज्यात स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांची ४७ मुले जन्मानंतर तीन दिवसांत आईपासून वेगळी होऊन दुसरीकडे वाढली; त्यांतल्या ५ जणांना पुढे तोच आजार झाला, आणि तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण आईला आजार नसलेल्या ५० मुलांपैकी एकालाही झाला नाही. वाढवण्याने सगळे ठरत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि एकसारख्या जुळ्यांचा आकडा शंभर नाही, त्यामुळे रक्तानेही सगळे ठरत नाही. आईला आकडे कितपत कळले ते मला माहीत नाही. तिने "म्हणजे मी ठेवलं म्हणून नाही," एवढे एकदाच म्हटले आणि डॉक्टरांनी "नाही, आजी," असे उत्तर दिले.

एका सूचनेचा उल्लेख करते, कारण ती इतरांनाही उपयोगी आहे. असे अभ्यास एकदाच तपासून संपत नाहीत; लोक वर्षानुवर्षे परत येतात तेव्हाच त्यांचे खरे मोल होते. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून सात वर्षांच्या ५२२ मुलांचा असा अभ्यास सुरू झाला, त्यांतल्या २०२ मुलांच्या आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया आणि १२० मुलांच्या पालकांना बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणारा) आजार होता, आणि हीच मुले अकराव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा पाहण्याचे ठरले. सातव्या वर्षी स्किझोफ्रेनिया असलेल्या पालकांच्या मुलांचे विचारशक्तीच्या चाचण्यांतले गुण सरासरीने कमी होते, पण बायपोलर गटातली मुले त्या चाचण्यांत इतर मुलांसारखीच होती. आपल्याकडे बेंगळुरूमध्ये निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आणि इनस्टेम ही मूलपेशींवर संशोधन करणारी संस्था यांनी मिळून एकाच कुटुंबात एकाहून अधिक रुग्ण असलेल्या घरांचा दीर्घकालीन अभ्यास उभारला आहे. त्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी (मंत्रचळ), व्यसन आणि अल्झायमर या पाच आजारांच्या कुटुंबांतील आजार नसलेली माणसेही आहेत. मी गेले तो अभ्यास हा नव्हे. पण बोलावणे कुठूनही आले, तरी पुढच्या फेऱ्या किती, किती वर्षांनी, आणि मधल्या काळात घरात कोणाला त्रास झाला तर त्या केंद्राचा दरवाजा उघडा असेल का, हे सही करण्याआधी विचारून घ्यावे. आमच्या केंद्राने यासाठी एका मनोविकार समाजसेविकेचा फोन क्रमांक दिला. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा उचलला गेला.

खर्चाचे सांगायचे तर तिघांचे स्लीपरचे भाडे, रिक्षा आणि दोन दिवसांचे जेवण त्यांनी दिले, राहण्याची सोय आवारातल्या धर्मशाळेत झाली. मला दोन किरकोळ रजा घालवाव्या लागल्या. रोजंदारीवरच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडेल आणि तिची भरपाई नाही. त्यामुळे येणाऱ्या निरोगी नातेवाइकांत नोकरदारच जास्त येत असतील, तर तो अभ्यासाचाही तोटा आहे.

ज्यांच्या घरात नुकताच पहिला झटका येऊन गेला आहे, त्यांनी लगेच जाऊ नये. तो काळ रुग्णाला सांभाळण्याचा असतो. आपल्या मुलाबाळांविषयी ठाम उत्तर हवे म्हणून कोणी जाणार असेल, तर त्याऐवजी थेट समुपदेशकाची वेळ घ्यावी. ज्यांना स्वमदत गटात बोलून बोलून थोडी उसंत मिळाली आहे, ज्यांचा शुभार्थी, म्हणजे घरातला रुग्ण, स्थिर आहे आणि जे घरातले जुने मौन मोडायला तयार आहेत, त्यांनी जरूर जावे, आणि शक्य तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्यावे, कारण वंशावळीतली अर्धी वर्तुळे त्यांच्याच आठवणीत असतात.

आमची पुढची फेरी या जानेवारीत आहे. मी होकार कळवला आहे आणि त्याच पत्रात दोन विनंत्या लिहिल्या आहेत: आईला शब्दांची यादी मराठीत द्यावी, आणि आत्याच्या वर्तुळासाठी धाकट्या काकूंना फोन करावा, कारण त्या विहिरीच्या दिवशी त्या घरात होत्या आणि आता त्या सांगायला तयार आहेत.